किनारा स्वच्छता की पावसाळी गटाराची निगा?

काही किनारी शहरांतील रहिवाशांना दोन उपक्रमांत सहभागी होता येते: किनाऱ्याची सामूहिक सफाई किंवा आपल्या गल्लीतील पावसाळी गटाराची जाळी दत्तक घेऊन ती वर्षभर मोकळी ठेवणे.

किनारा सफाईचे खरे बळ नोंदींत आहे. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत स्वयंसेवक कचरा प्रकारानुसार मोजून तक्त्यात लिहितात, त्यामुळे कोणत्या वस्तूवर बंदी किंवा निर्बंध हवेत हे पुराव्यानिशी सांगता येते. मात्र उन्हाने ठिसूळ होऊन पाच मिलिमीटरहून बारीक झालेले प्लास्टिक वाळूतून वेचणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय यंत्राने वाळू विंचरली, तर कुजणाऱ्या शेवाळाच्या आश्रयाने जगणारे जीवही नाहीसे होतात, याची मला विशेष काळजी वाटते.

जिथे पावसाळी गटारे सांडपाण्याच्या वाहिन्यांपासून वेगळी असतात, तिथे रस्त्यावरचे पाणी बहुधा प्रक्रियेविना थेट समुद्रात जाते. जाळीपाशी अडकलेले सिगारेटचे थोटूक पाहा: त्याचा फिल्टर सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचा असतो आणि तो तिथेच उचलणे फार सोपे असते. पाण्यात मिसळलेले तेल किंवा खत मात्र असे अडवता येत नाही.

वेळ मोजकाच असेल, तर मी गटाराची निगा निवडेन. काढलेला गाळ पुन्हा आत ढकलू नये, आणि जड झाकण स्वतः न उचलता नगरपालिकेला कळवावे.