सदाशिव पेठेतील एक घरगुती मेस : पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून

पुण्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्याला खोली मिळाली की पुढचा प्रश्न मेस कुठे लावायची हा असतो, आणि बहुतेक जण तो पहिल्या दोन दिवसांतच, खोलीतल्या जुन्या मुलांच्या सांगण्यावरून, घाईने सोडवून टाकतात. जुलै २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातून आल्यावर मीही तेच केले. पहिला महिना एका मोठ्या मेसची कूपने घेतली. जेवण हवे तेवढे मिळत होते, परंतु रांगेत ताट घ्यायचे, भिंतीकडे तोंड करून जेवायचे आणि बाहेर पडायचे, एवढाच तिथला व्यवहार होता. महिनाअखेरीस माझी १७ कूपने शिल्लक राहिली आणि ती पुढच्या महिन्यात चालणार नाहीत, असे मला सांगण्यात आले.

ऑगस्टपासून मी ज्या मेसमध्ये जेवतो, ती टिळक रस्त्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. काका-काकू आणि पोळ्या करणाऱ्या दोन मावशी मिळून ती चालवतात. चाळीसच्या वर ताटे वाढवायची नसल्यामुळे नाव लिहू नकोस, असे काकूंनी सांगितले आहे, म्हणून ते येथे देत नाही. दोन वेळच्या जेवणाचे दरमहा ३,४०० रुपये, एका वेळचे १,९०० रुपये आणि अनामत ५०० रुपये आहे. एक सुकी भाजी, एक रस्सा, आमटी, भात, कोशिंबीर आणि लागतील तेवढ्या पोळ्या असतात. रविवारी दुपारी गोड असते आणि रात्री मेस बंद असते.

चवीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिले पंधरा दिवस मला जेवण गेले नाही. आमटीत गूळ, भाजीत गोडा मसाला आणि भाकरी फक्त मंगळवारी व शनिवारी, हे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला जड जाते. त्यावरचा उपाय या मेसमध्ये हात धुण्याच्या जागेशेजारच्या फडताळात आहे. तिथे विद्यार्थ्यांनी घरून आणलेल्या वीस-बावीस बरण्या असून प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून गावाचे नाव लिहिलेले आहे. जवसाची चटणी, कारळाची चटणी, खानदेशातला ठेचा, कोल्हापूरकडचे कांदा-लसूण तिखट आणि आता माझी शेंगदाण्याची चटणीही तिथे आहे. चमचा कोणाच्या बरणीत घालावा याला काहीही बंधन नाही. वर्गातल्या कोणाशी ओळख होण्याआधी माझी ओळख या बरण्यांच्या मालकांशी झाली आणि ग्रंथालयाचे कार्ड कसे काढायचे, कोणत्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका अप्पा बळवंत चौकात मिळतात, हे मला त्यांनीच सांगितले.

मात्र या मेसचे खरे मोल मला तिथल्या खाड्याच्या वहीत दिसते. खाडा सर्वच मेसमध्ये असतो. येथे सलग तीन दिवस बाहेर राहायचे असेल तर आदल्या रात्री सांगावे लागते आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. काकू लांबट वहीत प्रत्येकाच्या नावापुढे पेन्सिलीने रोज दोन रेघा ओढतात. सप्टेंबरमध्ये पहिल्या अंतर्गत परीक्षेत मला २० पैकी ६ गुण मिळाले. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या तिघांत असलेल्या मला ते घरी सांगता येईना आणि कोणासमोर जावेसेही वाटेना. मी सलग चार वेळा जेवायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. "खाडा सांगितलेला नाहीस, म्हणजे गावी गेलेला नाहीस. बरा आहेस ना? भात ठेवलाय, ये." मी गेलो तेव्हा मेस बंद झालेली होती. काकूंनी मऊ भात, मेतकूट आणि वर तूप वाढले आणि मी जेवत असताना समोर बसून दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत राहिल्या. त्यांनी काही विचारले नाही. दोन घास झाल्यावर मीच गुण सांगितले. त्या महिनाभरात या शहरात माझी गैरहजेरी लक्षात आलेली ती एकमेव जागा होती, हे मी विसरू शकत नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. दुपारची वेळ १२ ते २ एवढीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य, दुय्यम आणि खुले ऐच्छिक अशा विषयांचे तास दिवसभर विखुरलेले असतात, त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी अडीचशिवाय पोहोचत नाही. सकाळी सांगितले तर ताट झाकून ठेवतात, पण पोळ्या वातड होतात. आठवड्यातून तीनदा बटाटा येतो. अनंत चतुर्दशीला रस्ते बंद असल्याने मेस बंद राहिली आणि त्या दिवसाचा खाडा धरला गेला नाही. हे मला आजही पटलेले नाही आणि मी ते काकांना सांगितलेही आहे.

३० डिसेंबरला वेळ अमावास्या होती. आमच्याकडे त्या दिवशी सगळे गाव शेतात जेवायला जाते, आणि मी परीक्षेमुळे पुण्यात अडकलो होतो. काकूंनी आदल्या दिवशी माझ्या आईला फोन लावून भज्जी, म्हणजे त्या दिवशीची हिरव्या दाण्यांची मिसळ भाजी, कशी करतात ते विचारून घेतले. हिरवी तूर कमी पडली होती आणि आंबील थोडी पातळ होती. त्या दिवशी चाळीसही ताटांत भज्जी होती.

ज्यांना यंदा मेस शोधायची आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी खाड्याची वही पाहायला मागावी आणि वेळ आपल्या वेळापत्रकाशी जुळते का ते तपासावे. दुसऱ्या वर्षासाठी मी येथेच अनामत ठेवली आहे.