डेटा टेबल पॅकेज: काम चोख, बोलणं कमी

गुलटेकडीला मार्केट यार्डाजवळ आमचं ऑफिस. राज्यभरच्या बाजार समित्यांची कांद्याची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर आमच्याकडे येतात आणि साहेबांची फर्माईश ठरलेली: "अजून एक कॉलम टाका." तो टाकण्यासाठी मी आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं डेटा टेबल हे पॅकेज, म्हणजे जोडून घ्यायचा तयार कोड, वापरते. 2006 पासून आहे, फुकट आहे.

दोन दरांतला फरक हवा? चौकटी कंसात आधी स्वल्पविराम, मग नव्या कॉलमचं नाव, := हे चिन्ह आणि वजाबाकी. झालं. निकाल परत साठवायची भानगड नाही, कारण कॉलम आहे त्याच टेबलाला जोडला जातो. मेमरीत सगळ्या टेबलाची दुसरी प्रत होत नाही. ऑफिसच्या जुनाट लॅपटॉपवर याची किंमत कळते.

पण हेच अंगाशीही येतं. टेबलाला <- या बाणाने दुसरं नाव दिलं की वेगळी प्रत झाली असं वाटतं. तसं काही नसतं. दुसऱ्यात := ने टाकलेला कॉलम पहिल्यातही हजर! खरी प्रत हवी असेल तर कॉपी() लिहावंच लागतं.

मला सर्वांत आवडतं ते 'बाय', म्हणजे गटागटाने वेगळा हिशेब. आदल्या दिवसाच्या दराचा कॉलम करायचा असेल तर सेटऑर्डरने समिती आणि तारखेप्रमाणे ओळी लावायच्या, सर्वसाधारण दरावर आकडे एक ओळ खाली सरकवणारं शिफ्ट() चालवायचं आणि बायमध्ये समिती द्यायची. बाय राहिलं, तर पिंपळगावचा शेवटचा दर पुण्याच्या पहिल्या तारखेला 'कालचा' म्हणून जाऊन बसतो आणि आकडा इतका साळसूद दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. बाय दिलं की त्या जागी सरळ एनए, म्हणजे 'माहिती नाही'. (यार्डाच्या सुट्टीनंतर मात्र 'काल' म्हणजे परवा असतो. ते तारखा वजा करून आपणच बघायचं.)

आता तक्रारी. कॉलम टाकल्यावर हे पॅकेज एक शब्द बोलत नाही. टेबल बघायचं तर शेवटी रिकामा चौकटी कंस जोडा. एकाच फटक्यात अनेक कॉलम टाकायची जुनी पद्धत, उलट्या अवतरणांत := घालायची, दिसायला भयंकर होती. 1.15.0 आवृत्तीत त्याच कामासाठी लेट() आलं, जरा सुटका झाली. पण त्याच दमात केलेला कॉलम पुढच्या हिशेबात वापरता येत नाही. फरक काढला आणि लगेच त्याची टक्केवारी मागितली की असं काही नाहीच म्हणून एरर. पुढे दुसरा कंस जोडावा लागतो. डीप्लायर या आरच्याच दुसऱ्या पॅकेजचं कॉलम टाकणारं म्यूटेट() हे निमूटपणे करतं.

म्हणून ऑफिसात नवीन आलेल्या मुलांना मी आधी म्यूटेटच शिकवते. सगळ्या समित्यांची काही वर्षांची फाइल उघडायची वेळ आली, की मग इकडे आणते.