डिटेक्टर, व्हर्जन हिस्टरी की तोंडी? एआयच्या काळात फील्ड प्रोजेक्ट तपासताना

एका तुकडीत साठ मुलं, प्रत्येकाचा वीस-पंचवीस पानी अहवाल आणि तपासायला दोन शिक्षक. ठाण्यापासून पनवेलपर्यंत पदवी महाविद्यालयांत हे चित्र नवं नाही. अहवाल मुलाने लिहिला की चॅटजीपीटीने, हे ठरवायला विभागापुढे साधारण तीन मार्ग येतात.

डिटेक्टर, म्हणजे मजकूर एआयचा आहे का याचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर, सगळ्यात सोपा वाटतो. फाइल टाका, टक्के घ्या. घोळ तिथेच होतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतल्या १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या दुसरीकडच्या मजकुराशी असलेल्या साम्यासाठी, म्हणजे उचलेगिरीसाठी, आहेत. डिटेक्टरच्या आकड्याला त्या लावणं साफ चूक आहे. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मूळ मजकूर शेजारी आणून दाखवतं, डिटेक्टरकडे मात्र नुसता अंदाज असतो. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका मजकूर यंत्राचा वाटतो. त्यामुळे मोजक्याच येणाऱ्या शब्दांवर सरळ इंग्रजी लिहिणारा मराठी माध्यमाचा मुलगा आधी सापडतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध सात डिटेक्टरांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी म्हणून, बंद केला.

मराठी अहवालांची आणखी वेगळी गंमत. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप करून आणलेला मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो आणि उतारेच्या उतारे उचललेले असले तरी साम्य शून्याच्या आसपास येतं. फाइल युनिकोडमध्येच घ्या.

व्हर्जन हिस्टरी म्हणजे गुगल डॉकमध्ये कधी काय लिहिलं, बदललं याची आपोआप राहणारी नोंद. तिला पैसे पडत नाहीत, पण शिस्त पहिल्या दिवसापासून लागते. गुगल क्लासरूममध्ये असाइनमेंट देताना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी प्रत तयार करण्याचा पर्याय निवडा आणि लेखन त्याच डॉकमध्ये करायला सांगा. संपादनाचा हक्क नसेल तर शिक्षकाला हिस्टरी दिसत नाही. मुलाने शेवटी कॉपी करून नवी फाइल पाठवली तर जुनी हिस्टरी तिच्याबरोबर येत नाही. बघायचं काय? रात्री अकराला एकदम चार पानं येऊन पडली आणि नंतर फक्त फॉन्ट बदलला, तर विचारणा करा. मात्र शिक्षा लगेच नको, कारण कित्येक मुलं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून मग पेस्ट करतात. उलट एआयचा मजकूर बघून बघून टाइप करणाराही असतो. त्याच्या हिस्टरीत खोडाखोड, परिच्छेदांची हलवाहलव जवळपास नसते, लेखन वरून खाली सरळ उतरत जातं.

आमच्या मते खरा निकाल तोंडीतच लागतो. माणशी सहा मिनिटं धरली तर साठ मुलांना सहा तास, म्हणजे दोन शिक्षकांत तीन-तीन तास. 'निष्कर्ष सांगा' हा प्रश्न फुकट जातो, तो पाठ करून येतात. वाशीच्या एपीएमसीवर (कृषी उत्पन्न बाजार समितीवर) अहवाल असेल तर विचारा: पाच मार्केटांपैकी कुठे गेलात? मापाड्याशी बोललात की माथाडीशी? प्रश्नावलीतला कोणता प्रश्न लोकांना कळला नाही? भरलेल्या प्रश्नावल्या टेबलावर ठेवायला लावा. तिथे गेलेला मुलगा अडखळत का होईना, ठोस काहीतरी सांगतो. अहवाल इंग्रजीत असला तरी उत्तर मराठीत चालेल हे आधीच सांगा, नाहीतर तुम्ही इंग्रजी बोलण्याची परीक्षा घेत बसाल. बुजऱ्या मुलाला प्रश्न कागदावर द्या, दोन मिनिटं विचार करू द्या.

वर्गात हाताने लिहून घेणं हाही एक उपाय आहे, पण तो भाषेच्या निबंधापुरता. प्रत्यक्ष जाऊन माहिती गोळा करायच्या कामाला तो चालत नाही.

निवड करायची तर व्हर्जन हिस्टरी सगळ्यांची आणि तोंडीही सगळ्यांची घ्या. फक्त संशयितांना बोलावलं की वर्गात कुजबुज सुरू होते. वेळ कमीच असेल तर तोंडी ठेवा, हिस्टरी सोडा. डिटेक्टर विकत घेण्यात पैसे घालू नका. आधीच घेतला असेल तर त्याचा आकडा गुणपत्रकावर किंवा पालकांच्या पत्रात येता कामा नये. व्याकरण सुधारायला, भाषांतराला एआय चालेल की नाही हे विषय देतानाच लेखी कळवा आणि वापर केला असल्यास कुठे, कशासाठी, हे अहवालाच्या शेवटी चार ओळींत लिहून घ्या. तोंडीला पहिला प्रश्न त्या चार ओळींवरच विचारा.