ऑटोकॅडमधून डेटाबेसकडे: जुनी अ‍ॅटएक्स्ट कमांड आजही सरस

ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये दारं-खिडक्या, पंप, व्हॉल्व्ह यांचे ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार आकृत्या) अ‍ॅट्रिब्यूटसह (ब्लॉकला जोडलेल्या माप, क्रमांक अशा नोंदी) नीट काढलेले असतील, तर त्यांची माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये न्यायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. ड्रॉइंगमध्येच तक्ता हवा असेल तर २००८ च्या आवृत्तीत आलेला डेटा एक्स्ट्रॅक्शन विझार्ड उत्तम. पण डेटाबेसला दर वेळी त्याच रकान्यांची, त्याच क्रमाची फाइल लागते. तिथे अ‍ॅट्रिब्यूटची माहिती टेक्स्ट फाइलमध्ये काढणाऱ्या अ‍ॅटएक्स्ट कमांडला तोड नाही, आणि ती एलटी या ऑटोकॅडच्या स्वस्त आवृत्तीतही चालते.

सगळी मदार टेम्प्लेटवर, म्हणजे कुठले रकाने हवेत ते सांगणाऱ्या टेक्स्ट फाइलवर. नोटपॅडमध्ये एका ओळीत एक रकाना: टॅगचं (म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटचं) नाव, स्पेस, मग सी किंवा एन, तीन आकडी रुंदी, तीन आकडी दशांश. ‘सी०२००००’ म्हणजे २० अक्षरांचा मजकूर. ‘एन०१०००२’ म्हणजे १० जागांची संख्या, २ दशांश स्थळं. टॅब चालत नाही. शेवटच्या ओळीनंतर एंटर हवाच, आणि निदान एक अ‍ॅट्रिब्यूट टॅगही. रुंदी कमी पडली की मजकूर कापला जातो. ओव्हरफ्लोचा इशारा फक्त कमांड लाइनवर दिसतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘बीएल:हँडल’ हा रकाना न चुकता घ्या. हँडल म्हणजे ऑटोकॅडने प्रत्येक ब्लॉकला दिलेली ओळखखूण. ते एका ड्रॉइंगपुरतंच एकमेव असतं, म्हणून प्रायमरी की (टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी खूण) ड्रॉइंग क्रमांक आणि हँडल मिळून करा. मधे एक्सेल आणू नका! हँडल हेक्साडेसिमल असतं, म्हणजे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं मिळून. ‘१ई५’ दिसलं की एक्सेल ‘ई’ला दहाचा घात समजून त्याची एक लाख ही संख्या करतं, आणि ती ओळ कुठल्या ब्लॉकची हे मग कळत नाही.

सीडीएफ (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या) प्रकारात मजकुराभोवती एकेरी अवतरण येतं. आपल्याकडे दाराचं माप ३'-६" असं लिहितात, म्हणजे फुटाची खूणही तीच. टेम्प्लेटच्या सुरुवातीला ‘सी:डेलिम |’ (रकान्यांमधलं चिन्ह) आणि ‘सी:कोट ~’ (मजकुराभोवतीचं चिन्ह) लिहून हा घोळ आधीच मिटवा, आणि इम्पोर्ट करताना हीच चिन्हं सांगा.

पोस्टग्रेसची साधी कॉपी कमांड सर्व्हरवरची फाइल शोधते. फाइल आपल्या मशीनवर असेल तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइन साधनातली बॅकस्लॅशवाली कॉपी वापरा. आधी सगळे रकाने टेक्स्ट असलेल्या कच्च्या टेबलात भरा, तपासा, मग मूळ टेबलात न्या.

उणीव एकच, पण मोठी: रस्ता एकेरी आहे. बदल ड्रॉइंगमध्ये परत न्यायचे असतील तर ऑटोकॅडच्या एक्सप्रेस टूल्स या जोडसाधनांमधल्या अ‍ॅटआउट आणि अ‍ॅटइन या कमांड घ्याव्या लागतात. त्यांच्या टॅबवाल्या फाइलमध्ये हँडलच्या आधी एक अवतरण असतं. साफसफाई म्हणून ते काढून टाकू नका.