छापील आदर्श उत्तरं घ्यावीत की स्वतः सांगाडे बांधावेत?

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या अभ्यासिकेत एक प्रश्न सारखा येतो. लेखनाच्या सरावासाठी आदर्श उत्तरांचा छापील संच विकत घ्यावा, की चार-पाच जणांनी मिळून स्वतःच उत्तरांचे सांगाडे तयार करावेत? मी दोन्ही वापरलंय, आधी स्वतःच्या तयारीसाठी आणि आता अभ्यासिकेतल्या मुलांबरोबर बसतो तेव्हा. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण छापील संचाला काही जागाच नाही असं मी म्हणणार नाही.

पेपर किती आणि गुण किती हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. फक्त एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी २० प्रश्न असतात, १० प्रश्न १५० शब्दांचे आणि १० प्रश्न २५० शब्दांचे. म्हणजे तीन तासांत ४००० शब्द. दहा गुणांच्या प्रश्नाला सात मिनिटं आणि पंधरा गुणांच्या प्रश्नाला अकरा, एवढीच वाटणी बसते. प्रश्न वाचणं, विचार करणं, आकृती काढणं सगळं त्यातच. राज्यसेवेचा नवा आराखडा याच धर्तीवर आहे. तेव्हा कुठलंही आदर्श उत्तर हातात आलं की पहिल्यांदा हे बघायचं, हे अकरा मिनिटांत माझ्या हाताने उतरेल का?

बहुतेक छापील उत्तरं इथेच अडतात. २५० शब्दांच्या प्रश्नाला चारशे-साडेचारशे शब्द सर्रास असतात. तयार करणाऱ्याला वाटतं, मुलांना जास्त मिळालं तर बरंच. मुलं ते सगळं पाठ करायला जातात आणि सराव परीक्षेत शेवटचे चार प्रश्न कोरे राहतात. मराठी संचांत आणखी एक अडचण. त्यातली बरीच उत्तरं इंग्रजीवरून उतरवलेली असतात आणि वाक्यं 'च्या माध्यमातून' नि 'च्या अनुषंगाने' यांनी इतकी जड झालेली असतात की हात मध्येच थांबतो.

तरी छापील संचाचा एक गुण मान्य करायलाच हवा. वर्षानुवर्षं चार पर्यायांतून एक गोल काळा करायची सवय लागलेल्या मुलाला 'उत्तर' दिसतं कसं हेच माहीत नसतं. प्रस्तावना दोन ओळींची असते, मुद्दे परिच्छेदात मांडले तरी चालतात, शेवट म्हणजे सुविचार नव्हे, हे त्याला कुठेतरी बघायला मिळायला हवं. त्यासाठी एखादा बरा संच पहिले काही आठवडे उपयोगी पडतो. शिवाय जो नोकरी करतो, रात्री दहाला घरी येतो आणि ज्याला गट नाही, त्याला तयार पान हाताशी असणं हा मोठा आधार आहे. पुण्याला राहून क्लास करणं इथल्या प्रत्येक घराला परवडत नाही. तिथलं साहित्य इथे टपालाने किंवा मोबाइलवर येतं, हे चांगलंच आहे.

माझा निर्णय झाला तो मात्र लांबीमुळे नाही, भाषेमुळेही नाही. तो झाला तपासणीमुळे.

आमच्याकडे मुलं एकमेकांच्या वह्या तपासतात. तपासायला शिक्षक मिळत नाहीत, त्यामुळे दुसरा इलाज नाही. एकदा प्रश्न आम्हीच काढला होता: 'कोकणात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवते. कारणांची चर्चा करून उपाय सुचवा.' पंधरा गुण, २५० शब्द. संचात याच्या जवळचं एक उत्तर होतं, ते समोर ठेवून तपासायचं ठरलं. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावरच्या, एका वाडीतली मुलगी आमच्यात आहे. तिने लिहिलं होतं की जांभ्यातून, म्हणजे इथल्या तांबड्या सच्छिद्र दगडातून, पाणी झिरपून जातं, खालच्या अंगाला झरा होऊन निघतं आणि तो झरा शिमग्याच्या सुमाराला आटतो. वाडीची विहीर त्या झऱ्याच्या वर आहे, म्हणून ती आधी कोरडी पडते. खालच्या वाडीला एप्रिलपर्यंत पाणी असतं. एका गावातल्या दोन वाड्यांमधला हा फरक तिने चार ओळींत आणि एका छोट्या आकृतीत दाखवला होता.

तपासणाऱ्याने पंधरापैकी पाच गुण दिले. मी विचारलं, तर म्हणाला, "दादा, आदर्श उत्तरात झऱ्याचं काहीच नाहीये. ठिबक सिंचन आणि ऊस तिने लिहिलाच नाही."

ऊस! देशावरच्या पाणीप्रश्नाचं उत्तर संचात कोकणाच्या नावाखाली बसवलं होतं, आणि या मुलाने ते प्रामाणिकपणे पट्टीसारखं वापरलं होतं. त्याची चूक नव्हती. पूर्ण लिहिलेलं उत्तर समोर असलं की तपासणारा एवढंच करू शकतो, यात आहे ते त्यात आहे का, हे बघणं. यातलं काय आवश्यक, काय शोभेचं आणि काय चक्क गैरलागू, हे ते पान सांगत नाही. वेगळं पण बरोबर लिहिणाऱ्याचे गुण जातात, आणि दोन-चार वेळा असं झालं की तो वेगळं लिहायचं सोडतो. ज्या मुलीच्या अंगणात पुरावा आहे तिनेही सगळ्यांसारखं केरळच्या २०१८ च्या पुराचं उदाहरण पाठ करायचं? चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर आमच्यातल्या कित्येकांनी घरात चिखल उपसून पाहिलाय. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीकडच्या मुलांनी उडालेल्या कौलांखाली बसून काढलंय. आपत्ती व्यवस्थापनाच्या उत्तरात हे यायला नको?

हे मला फार लागलं. त्यानंतर आम्ही सांगाड्यांकडे वळलो.

सांगाडा म्हणजे एका पानात मावणारं, न लिहिलेलं उत्तर. त्याच प्रश्नाचा आमचा सांगाडा असा आहे. वर दोन ओळींत प्रश्नाच्या मागण्या: कारणं हवीत, उपाय हवेत, आणि भरपूर पाऊस असूनही टंचाई हा विरोध उलगडायला हवा. त्याखाली प्रस्तावनेसाठी एक तथ्य: रत्नागिरीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मग कारणं, आणि प्रत्येकापुढे 'म्हणजे काय होतं' हा रकाना. सह्याद्री ते समुद्र अंतर कमी आणि उतार तीव्र, म्हणजे नद्या आखूड आणि पाणी पटकन खाडीत. जांभा सच्छिद्र, म्हणजे भूजल टिकत नाही. वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली, म्हणजे नळयोजनेचा माणशी खर्च वाढतो. खाडीकाठच्या विहिरींना खारं पाणी लागतं. पुढे उपाय, आणि प्रत्येक उपायापुढे 'पण' असा रकाना.

हा 'पण'चा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माती भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घाला, पण ते दरवर्षी नव्याने घालावे लागतात आणि श्रमदानाला माणसं गावात उरलेली नाहीत, तरुण मुंबईला. कोयनेचं अवजल वापरा, पण उचलून सड्यावर न्यायचा खर्च कोण करणार? वीजनिर्मितीनंतरचं हे पाणी, वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. इथे कोणत्याही चहाच्या टपरीवर या विषयावर चर्चा ऐकायला मिळते, पण उत्तरपत्रिकेत तो क्वचित येतो. छतावरचं पाणी साठवा, पण चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायला टाकी केवढी लागेल? 'चर्चा करा' म्हटल्यावर परीक्षकाला हेच हवं असतं असं मला वाटतं, आणि छापील उत्तरात उपायांची नुसती जंत्री असते.

शेवटी एक रिकामी चौकट: 'स्वतःचं उदाहरण'. ती रिकामीच ठेवायची. ज्याने-त्याने आपल्या गावचं, आपल्या खाडीचं, आपल्या बागेचं भरायचं. आणि आकृतीची जागा: घाटमाथा, सडा, झरा, खाडी असा एक आडवा छेद. सरावाने तो मिनिटभरात निघतो.

तपासणी आता अशी होते. मागण्या सगळ्या पुऱ्या झाल्या का? प्रत्येक कारणामागे 'म्हणजे काय' आलं का? निदान दोन उपायांना 'पण' आहे का? स्वतःचं काही आहे का? आणि दिलेल्या जागेत बसलं का? झऱ्याचा मुद्दा सांगाड्यात नसला तरी तपासणाऱ्याला अडत नाही. कारण आहे, परिणाम आहे, उदाहरण आहे, म्हणजे गुण. उलट तो मुद्दा आता आमच्या सांगाड्यातच गेलाय. छापील पानात अशी भर घालता येत नाही.

सांगाड्याला किंमत मोजावी लागते, ते लपवत नाही. एक चांगला सांगाडा तयार करायला संध्याकाळ जाते. एखादं तथ्य चुकीचं शिरलं तर सगळ्या गटाच्या उत्तरांत शिरतं, म्हणून आकडा लिहिणाऱ्याने तो कुठून घेतला हे समासात लिहायचं असा आमचा नियम आहे. गटात वाद घालायची तयारी नसेल तर सांगाडा म्हणजे मुद्द्यांची यादी होऊन बसतो, आणि मग त्याचा छापील संचापेक्षाही कमी उपयोग. दुसरं, नुसत्या सांगाड्यांनी वाक्य सुधारत नाही. मुद्दे डोक्यात स्वच्छ असूनही कागदावर तुटक तुटक उतरतात. म्हणून दर आठवड्याला एका सांगाड्याचं पूर्ण उत्तर कोणीतरी घड्याळ लावून, पेनाने, मर्यादेतच लिहितं आणि ते सांगाड्याच्या मागच्या पानावर चिकटवलं जातं. त्यात खाडाखोड असते, एखादं वाक्य लंगडं असतं. पण अकरा मिनिटांत माणसाच्या हाताने काय उतरतं, हे त्यात खरं दिसतं. माझ्या मते आदर्श उत्तर म्हणायचं तर त्याला.

यशस्वी उमेदवारांच्या उत्तरपत्रिकांबद्दल बरेच जण विचारतात. बघा जरूर, अक्षर आणि जागेचा वापर कळतो. पण केंद्रीय आयोग मुख्य परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका परत देत नाही. ज्या फिरतात त्या क्लासच्या सराव परीक्षेतल्या असतात. त्यावरचे गुण आयोगाचे नव्हेत. वर्णनात्मक पेपरांची आदर्श उत्तरंही हा आयोग काढत नाही, तेव्हा 'आयोगाला हेच हवं' असं छातीठोक सांगणाऱ्या संचाकडे जरा जपूनच बघावं. मोबाइलवर क्षणात लिहून मिळणारी उत्तरंही मी छापील संचाच्याच रांगेत धरतो. तिथेही पान पूर्ण येतं, 'पण' मात्र आपल्यालाच घालावा लागतो.

मग घ्यायचं काय? तुम्ही एकटे असाल, नुकतेच वस्तुनिष्ठवरून इकडे आला असाल, तर एक छोटा संच घ्या. सगळ्या विषयांचा जाडजूड नको, एकाच पेपरचा पुरे. तो वाचताना प्रत्येक उत्तराचा उलटा सांगाडा काढा, मागण्या कुठे पुऱ्या झाल्या ते समासात खुणा करत. गैरलागू भाग आपोआप उघडा पडतो. तीन-चार जण जमत असतील आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसता येत असेल, तर मी म्हणेन संचाचे पैसे वाचवा. केंद्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, त्यातून प्रश्न उचला. पश्चिम घाटावरचा प्रश्न आला तर माधव गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा अहवाल यांची तुलना करणारा सांगाडा पहिला बांधा. इथल्या मुलाला निर्बंध हवेत आणि नकोत अशा दोन्ही बाजू घरातच ऐकायला मिळतात, चिऱ्याच्या खाणीवर काम करणाऱ्या काकांकडून एक आणि आंबा-काजूच्या बागवाल्या मामांकडून दुसरी.

नीतिशास्त्राच्या पेपरला मात्र मी अजून छापील प्रकरण-अभ्यास वापरतो, पण फक्त प्रश्नांसाठी. उत्तराचं पान स्टेपल करून बंद ठेवतो. मुलांनी आधी आपला निर्णय लिहायचा, त्याने कोणाचं नुकसान होतं तेही लिहायचं, आणि मगच ते पान उघडायचं.