डाव्या बाजूचं मॅट उचलून बघा

चवथीच्या आठ दिवस आधी 1,85,000 रुपये मोजून घेतलेली अल्टो गोव्यात डिचोलीला आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि मुलगी स्कूटरनेच कॉलेजला जाते. लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

मुलीचं लर्निंग लायसन्स निघालं होतं. मुदत सहा महिन्यांची, त्यातले दोन पावसात गेले, म्हणून घाई. शिकायला अल्टो 800 हवी हा विचार मात्र चुकला नव्हता, आजही तेच म्हणेन. 796 सीसी इंजिन, वळायला लहान, 2023 मध्ये बंद झाली तरी पार्ट कुठल्याही गॅरेजात मिळतात.

जुन्या गाड्यांचा डीलर म्हणाला, "पात्रांव, डॉक्टराची गाडी. मंगेशेक वचपाक सोडून भायर काडूंक ना." म्हणजे मंगेशीच्या देवळाला जाण्यापुरतीच बाहेर काढलेली. मीटरवर 38,412. मी 1,95,000 वरून दहा हजार पाडून घेतले आणि स्वतःवरच खूश झालो!

बायको डावीकडे बसली आणि म्हणाली, "अहो, पायाखाली काहीतरी टोचतंय." मी वाकून मॅट उचललं. कोरं करकरीत मॅट, खाली पत्र्याला दोन भोकं, एम-सीलने बुजवून वर काळा रंग फासलेला. "सीटीचे बोल्ट आशिल्ले," तो म्हणाला. सीटचे बोल्ट पायाच्या बोटांपाशी असतात का हो? आणि मी मान डोलावली. क्लचच्या पेडलचं रबर तर झिजून आरशासारखं झालं होतं. 38 हजारांत एवढं झिजत नाही, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. बावीस वर्षं गाड्या चालवतोय, अगदीच भोळा नाही मी. पण मुलगी शेजारी हसत उभी होती.

चौथ्या दिवशी मयेच्या चढावर जळका वास आला. गॅरेजवाल्याने मॅट उचललं आणि हसला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी! शिकवणाऱ्यासाठी बसवलेले डावीकडचे क्लच-ब्रेक काढून विकलेली. शेकडो नवशिक्यांनी तो क्लच जाळलेला. क्लच सेट 7,400, गिअरबॉक्स 16,300. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नंबर सांगितला, तर 2021 च्या सर्व्हिसला नोंद 91,206 किलोमीटरची. हा एक फोन आधी करा. आरसीची झेरॉक्स चालवून घेऊ नका, एमपरिवहन ह्या सरकारी ॲपवर मालक कितवा ते पाहा. माझा "पहिलाच मालक" तिसरा निघाला.

टोकनचे 20,000 जीपेने दिले, उरलेले 1,65,000 रोख. पावती नाही. रोख देऊच नका.

पोलीस म्हणाले, हे सिव्हिल मॅटर. न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मीच त्यांना वाचून दाखवलं, तर साहेब म्हणाले, "तुम्ही बघूनच घेतली ना?" आरटीओच्या खिडकीवर म्हणे, आम्ही फक्त नाव बदलतो. अहो, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तुमचंच अधिकारपत्र लागतं ना? ह्याच्याकडे आहे की नाही, एवढं तरी सांगा. तर अर्ज द्या. दिला. शिक्का मारायला दुसरी खिडकी, तिथला माणूस जेवायला गेलेला, आला तेव्हा खिडकी बंद व्हायची वेळ झालेली. सोमवारी या म्हणाले. असे तीन सोमवार झाले, तीनदा अर्धी रजा.