बाकडं परत आलं, कागद नाही आला

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याला मी पाचपैकी तीन देते. अडीचच देणार होते, अर्धा एका हवालदारांसाठी वाढवला. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण मला त्याच रस्त्यावर दुकान चालवायचं आहे.

बेळगावच्या एका उपनगरात, सिटी बसच्या थांब्यासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. टायपिंगची सॉफ्टवेअर दोन, कन्नडला नुडी, मराठीला श्रीलिपी. उताऱ्याचे अर्ज, भाडेकरार, पासपोर्ट फोटो, आणि पोलिसांत द्यायच्या तक्रारी. अठरा वर्षं लोकांच्या तक्रारी टाइप करतेय. स्वतःची घेऊन ठाण्याची पायरी चढायची वेळ गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा आली.

प्रकरण म्हटलं तर एवढंसं. थांब्यावरचं स्टीलचं बाकडं. तिघांसाठी केलेलं, पण जून 2023 मध्ये कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली, बायकांना बसचं तिकीट लागेनासं झालं, तेव्हापासून त्यावर पाच जणी बसतात आणि सहावी पिशवी टेकवते. एका रात्री साडेअकराला चार पोरं आली. आधी त्यावर उभं राहून उड्या मारल्या. एक पाय ढिला झाला तसा तो पिळून उपसला आणि त्यानंच बसमार्गांच्या फलकाची काच फोडली. चोरलं काही नाही. नेऊन भंगारात घातलं असतं तर निदान कारण तरी कळलं असतं. माझ्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं. एकाचा चेहरा तर असा स्वच्छ, की कापून पासपोर्टला लावावा.

सकाळी अर्ज घेऊन गेले. ठाण्यात बसायला बाकडं होतं, धड होतं, हे मुद्दाम नोंदवते. पाणी होतं. ‘कुंदर्री अक्का’, बसा अक्का, म्हणून बसवलंही लगेच. मग दोन तास कोणी काही विचारलं नाही. शेवटी रायटरनी, म्हणजे ठाण्यात लिखापढी करणाऱ्या पोलिसांनी, विचारलं ते एवढंच, “निम्देन हाळागेतरी?” तुमचं काय मोडलं? माझं काही मोडलं नव्हतं. ते म्हणाले, मग तुम्ही कशाला तक्रार देता, ज्या खात्याचा निवारा त्या खात्यानं द्यावी.

अर्ज मी दोन्ही भाषांत केला होता. कन्नड प्रत ठेवून घेतली, मराठी प्रत परत केली. राज्यघटनेच्या 350 व्या कलमात गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय, पण तिथं वाद घालायला मी गेले नव्हते. मला कन्नड येतं, माझं निभावलं. माझ्याकडे येणाऱ्या वडगावच्या आजींनी काय करायचं, ते त्याच जाणोत.

आता गोम ऐका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 324 व्या कलमात नुकसान वीस हजारांच्या आत असेल आणि वस्तू सरकारी किंवा पालिकेची असेल, तरी शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. वहीत नोंद करायची आणि घरी जायचं. पण सार्वजनिक मालमत्तेसाठी 1984 चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. त्यात स्थानिक संस्थेची वस्तूही येते, शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि खालची किंमत किती ते लिहिलेलंच नाही. तो लावला तर एफआयआर होतो, आणि एफआयआरसाठी खबर कोणीही देऊ शकतं, वस्तू त्याची असायला लागत नाही. हे मी रायटरना शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, “तो मोर्चा-दगडफेकीचा कायदा आहे, अक्का.” कायद्यात तसं कुठं लिहिलेलं नाही. पण ठाण्यात कायदा ज्या पानावर उघडायची सवय असते, त्याच पानावर उघडतो.

मग ते आलंच, “नाळे बर्री.” उद्या या. आमच्याकडे एके काळी भूत येऊ नये म्हणून दारावर ‘नाळे बा’ लिहीत. भूत वाचायचं, परत जायचं, उद्या यायचं, पुन्हा वाचायचं. मी तीन दिवस तेच केलं. त्यातही अधिवेशन लागलेलं. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बसलं, की ठाण्यातली निम्मी माणसं तिथल्या बंदोबस्ताला. “संपू दे अधिवेशन, बघू.” चूक कुणाची नाही, बाकडं चुकीच्या महिन्यात मोडलं.

पण हेच ठाणं दहा मिनिटांत हलतं, तेही मी बघितलंय. याच थांब्यावर भाषेच्या फलकाला कुणी डांबर फासलं, तर जीप आलीच म्हणून समजा. डिसेंबर 2021 मध्ये आधी बंगळूरला शिवरायांच्या आणि मग आमच्या बेळगावच्या अनगोळात कन्नड क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली, शहरात जमावबंदी लागली, तेव्हा माझ्या दुकानासमोर दिवसरात्र व्हॅन उभी होती. त्यातल्या पोलिसांना मी चहा दिलाय. तेव्हा ती व्हॅन लागत होती, नाही असं नाही. पण चारी बाजूंनी माणसं आणि मध्ये ते बाकडं, एवढा पहारा त्याला पुन्हा कधी मिळाला नाही. हवालदार मला नंतर म्हणाले तेच खरं, “काच फुटली तर काच फुटली. फलकाला काळं लागलं तर बंदोबस्त.”

तर हे हवालदार. बीटचे, म्हणजे आमच्या भागात गस्तीला असणारे. चौथ्या दिवशी स्वतः दुकानात आले. बाईमाणसाला साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, राहत्या जागीच विचारायचं, हा नियम त्यांना माहीत असावा, किंवा नुसताच माझा चहा आठवला असेल. चित्रण दोनदा बघितलं. ज्याचा चेहरा स्वच्छ त्याच्याकडे लक्षच नाही. पाठमोऱ्या पोराच्या चालीवरून म्हणाले, हा पलीकडच्या गल्लीतला, याचा बाप असाच चालतो. मी उत्साहानं 63(4) चं प्रमाणपत्र काढायला बसले. नव्या साक्ष कायद्यात चित्रणासोबत ते लागतं, दोन भागांत, मी वकिलांसाठी रोज टाइप करते. ते हसले. “कोर्टाला नाही दाखवायचं. पोराच्या आईला दाखवायचंय. मोबाइलवर टाका.”

रविवारी सकाळी चार पोरं, दोघांचे वडील आणि एक वेल्डर हजर. खड्डे पाडून नवे बोल्ट सिमेंटमध्ये बसवले, पाय पुन्हा जोडला, काचेच्या जागी अॅक्रिलिक आलं. खर्च चौघांत. पोरांनीच पाट्या वाहिल्या, आणि बसला थांबलेल्या बायका फुकटच्या सूचना देत होत्या. सिमेंट वाळलं तसे हवालदार त्यावर बसले, जरा उसळून बघितलं आणि पोरांना म्हणाले, “हां, आता मारा उड्या.” अशी सेवा दिल्याबद्दल पाचपैकी पाच. खोटं कशाला बोलू.

मग पोरांकडून कागद लिहून घेतला. कन्नडात त्याला मुच्चळिके म्हणतात, आपला मुचलकाच. मी म्हटलं, त्याची एक प्रत मला, आणि माझ्या अर्जावर काय झालं त्याचं हिंबरह द्या. अर्जदाराला ठाण्यातून जे लेखी उत्तर मिळतं त्याला इथं सगळे मराठीतसुद्धा हिंबरहच म्हणतात. हवालदार म्हणाले, “कशाला अक्का? एक पोरगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. उद्या नोकरीला, पासपोर्टला व्हेरिफिकेशन आमच्याकडेच येणार.” मला ते पटलं. एफआयआर झाला असता तर त्या पोराच्या मागे लागला असताच, माझ्याही मागे साक्षीच्या तारखा लागल्या असत्या. पटलं म्हणूनच गप्प बसले, आणि तिथंच माझं चुकलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगते, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. माझ्या वेळी शिक्का ज्याच्याकडे तो जेवायला गेला होता, आणि मी दुकान उघडं टाकून आले होते.

जूनच्या पहिल्या पावसात कुणीतरी त्याच निवाऱ्यातला दिवा दगडानं फोडला. आता संध्याकाळी सातनंतर बायका माझ्या दुकानाच्या उजेडात उभ्या राहतात. पुन्हा ठाण्यात गेले. हवालदारांची बदली झालेली. नवे होते ते तरुण, बोलायला चांगले. अर्ज वाचून त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला, याआधी इथं असं काही झालं होतं का? मी डिसेंबरचं सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं, महिना चाळला. काही नाही. अर्ज नाही, मुच्चळिके नाही, पोरांची नावं नाहीत. ती सगळी आधीच्या हवालदारांच्या डोक्यात, आणि डोकं आता चिकोडीला.

माझ्याकडे होती ती परत केलेली मराठी प्रत, बिनशिक्क्याची. तीच पुढे केली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, माझ्या हातात ठेवली आणि कोरा कागद ओढला. “कुंदर्री अक्का. हेसर हेळ्री.”

नाव सांगितलं. या वेळी शिक्का घेऊनच उठले. दिवा अजून लागायचा आहे. बाकडं घट्ट आहे.